नवीन मशीन घेण्याआधी पंखा बघा : गोव्यातल्या होडीवाल्यांना आणि मच्छीमार सोसायट्यांना खुलं पत्र

दर्यावरच्या भावांनो, आणि आमच्या मच्छीमार सोसायट्यांच्या चेअरमन-सेक्रेटरी मंडळींनो,

नमस्कार. तेरेखोलपासून तळपणापर्यंत जो कोणी होडीला आऊटबोर्ड मशीन, म्हणजे बाहेरनं बसवायचं आणि काढता येणारं इंजिन, लावून दर्यात जातो त्या सगळ्यांसाठी हे पत्र आहे, मग तो जाळीवाला असो, रांपणकार, म्हणजे किनाऱ्यावरनं मोठं जाळं ओढणारा, असो की पाळोळ्याला पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणारा असो. मी पेडण्यातला, मशीनची कामं करतो, दर्यावरच वाढलोय, आणि बरीच वर्षं एकच गोष्ट बघतोय ती आता सगळ्यांसमोर बोलायची ठरवली.

पावसाळी मासेमारीबंदी लागली की बऱ्याच जणांचं मशीन होडीवरनं काढून घरी येतं आणि मग माझ्याकडे एकामागनं एक माणूस येतो आणि विचारतो, मशीन ओढत नाही, ९.९ हॉर्सपॉवरचं काढून १५ चं घेऊ का, २५ चं घेऊ का. कोणी सोनं गहाण ठेवायच्या गोष्टी करतो, कोणी मत्स्य खात्याच्या सबसिडीचा फॉर्म भरून ठेवलेला असतो. मी म्हणतो थांब, आधी सांग तुझं मशीन फुल थ्रॉटलला, म्हणजे मूठ पूर्ण पिळल्यावर, किती आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, फिरतं? उत्तर नाही. मशीनचा पाण्यात फिरणारा पंखा किती पिचचा आहे? उत्तर नाही. मशीनबरोबर आला तोच लावलाय म्हणतो. मग बाबांनो तुमच्या मशीनची ताकद कमी आहे हे ठरवलं कुणी? माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यातल्या बऱ्याच होड्यांवरची मशिनं आहे तीच ताकद पूर्ण देत नाहीयेत, आणि ती मिळवायला नवीन मशीन लागत नाही, बरोबर पंखा लागतो, बरोबर उंची लागते, आणि थोडं गोडं पाणी लागतं.

आणि आपल्याला तर हे बाकीच्यांपेक्षा जास्त लागू आहे. १ जून ते ३१ जुलै बंदी असते तेव्हा ट्रॉलर, पर्ससीनवाले सगळे बांधलेले असतात, पण १० हॉर्सपॉवरपर्यंतची आऊटबोर्ड लावलेली रजिस्टर होडी गिलनेट, म्हणजे मासा कल्ल्यात अडकतो ते जाळं, घेऊन जाऊ शकते. म्हणजे त्या दोन महिन्यांत कायद्यानेच आपलं माप ठरवून दिलंय. १५ चं घेतलंत तर बंदीत ते घरात उभं. त्यामुळे ९.९ मधनं पूर्ण ९.९ कसे काढायचे हा प्रश्न माझ्या मते सबसिडीच्या रकमेपेक्षाही मोठा आहे, आणि त्याच्यावर आपल्या मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही.

आता आरपीएमचं बघा. प्रत्येक मशीनच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की फुल थ्रॉटलला ते किती ते किती फिरलं पाहिजे, छोट्या टू-स्ट्रोकला बहुतेक वेळा ४५०० ते ५५०० च्या आसपास असतं, फोर-स्ट्रोकला ५००० ते ६०००, पण आपल्या मॉडेलचं पुस्तक उघडून बघायचं, शेजाऱ्याचं नाही. डब्यावर जी हॉर्सपॉवर छापलेली असते ती त्या आकड्यांमध्ये फिरताना मिळते. तुमचं मशीन फुल मुठीला चार हजारातच अडकलं असेल तर तुम्ही ९.९ चे पैसे भरून सहा-सातचं मशीन चालवताय, आणि वर पेट्रोल मात्र ओततच राहताय. चोर्ला घाटात भरलेली गाडी चौथ्या गिअरमध्ये चढवल्यासारखं होतं ते, इंजिन घुसमटतं, कार्बन धरतं, प्लग काळे पडतात, पिस्टनवर ताण येतो. मग आपण म्हणतो कंपनीचं मशीन आता पूर्वीसारखं राहिलं नाही!

हे होतं पंख्याच्या पिचमुळे. पंख्यावर दोन आकडे ठोकलेले असतात, म्हणजे ९¼ × ९ असं काहीतरी, पहिला आकडा पंख्याचा व्यास इंचात, दुसरा पिच, म्हणजे पंखा एका फेऱ्यात, पाणी अजिबात सरकलं नाही असं धरलं तर, किती इंच पुढे जाईल. पिच जास्त म्हणजे हलक्या होडीला स्पीड जास्त. पण आपली होडी हलकी कुठे असते? जाळं, बर्फ, चार माणसं, इंधनाचे कॅन, आणि येताना बांगडे किंवा तारले भरलेले. मशीनबरोबर येणारा पंखा हा मधल्यामधल्या होडीचा विचार करून दिलेला असतो, भरलेल्या जाळीवाल्या होडीला तो बऱ्याचदा जड जातो. पिच १ इंच कमी केला की फुल थ्रॉटलला साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात, हा जगभर चालणारा ठोकताळा आहे, आणि माझ्या हातात आलेल्या होड्यांवर तो बऱ्यापैकी बरोबर उतरतो. आमच्या इकडची एक होडी, जाळं भरून फुल मुठीला चार हजाराच्या वर जातच नव्हती. २ इंच कमी पिचचा पंखा लावला आणि मशीन साडेचार हजाराच्या जवळ फिरायला लागलं, होडी भरलेली असताना पूर्वीपेक्षा लवकर उचलायला लागली, आणि मालकाला जे सगळ्यात आधी जाणवलं ते म्हणजे मशीनचा आवाज, तो जो दबलेला घोगरा आवाज असतो ना, तो गेला. मशीन तेच, कार्ब्युरेटरला हात लावला नाही.

उलटंही होतं हे लक्षात ठेवा. पिच फारच कमी केला तर मशीन पुस्तकातल्या आकड्याच्या वर पळतं आणि तेही वाईट, कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर येतं. म्हणून अंदाजाने पंखा घेऊ नका आणि दुसऱ्याच्या होडीवर चांगला चालतो म्हणून तर अजिबातच नको. आणि एक कळकळीने सांगतो, काही ठिकाणी पंख्याची टोकं ग्राइंडरने कापतात, आरपीएम वाढवायला. आरपीएम वाढतात खरे, पण पात्यांचा पाणी ढकलायचा भागच कमी होतो, आणि तिन्ही पाती सारखी कापली गेली नाहीत तर पंखा थरथरतो आणि ती थरथर थेट शाफ्टच्या सीलवर जाते. भरलेल्या होडीला मोठा व्यास आणि कमी पिच हेच चालतं, टोकं कापून ते मिळत नाही.

मोजायचं कसं ते सांगतो, कारण इथेच सगळे अडतात. आरपीएम मोजायचा, प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर मिळतो, एक वायर प्लग लीडला गुंडाळली, दुसरी बॉडीला लावली की झालं, फार महाग वस्तू नाही. फक्त त्याच्यात मशीनप्रमाणे सेटिंग करायचं असतं, म्हणजे एका फेऱ्याला किती स्पार्क पडतात ते, हे चुकलं की आकडा दुप्पट किंवा अर्धा दाखवतो आणि माणूस घाबरतो. सकाळी वारा पडलेला असताना जायचं, होडी रोज असते तशी भरूनच, रिकामी होडी पळवून काही कळत नाही. होडीची बुडं साफ असली पाहिजेत. मग फुल मूठ देऊन आरपीएम लिहायचे, मोबाइलच्या जीपीएसवर स्पीड लिहायचा, आणि त्याच वाटेने उलटं येऊन परत लिहायचा, कारण भरती-सुकतीचा ओढ एका बाजूने मदत करतो आणि दुसऱ्या बाजूने मागे खेचतो, दोन्हींचा मध्य धरायचा. चापोऱ्याच्या किंवा साळच्या तोंडाशी हे करू नका, तिथे ओढच एवढा असतो की आकडे काही कामाचे राहत नाहीत.

आता सोसायट्यांच्या मंडळींना माझी मुख्य विनंती. एकट्या माणसाने तीन वेगवेगळ्या पिचचे पंखे विकत घेऊन बघणं परवडत नाही, म्हणून कोणी बघतच नाही. पण सोसायटीने एक टॅकोमीटर आणि आपल्याकडे जी दोन-तीन मॉडेलं जास्त चालतात त्यांचे कमी-जास्त पिचचे पंखे एकदाच घेऊन ठेवले, ट्रायलला द्यायचे, आकडा जमला की ज्याने त्याने आपला विकत घ्यायचा आणि सोसायटीचा परत आणून द्यायचा, तर अख्ख्या गावाचं काम होतं. एका नवीन मशीनच्या किमतीच्या मानाने हा खर्च काहीच नाही. आणि खात्याकडे सबसिडीची मागणी जाते तेव्हा त्याच पत्रात हेही लिहा की मशीनला मदत देताना पंख्याचा पिच निवडायची मुभा आणि एक जादा पंखा त्यात धरा. खात्याला हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार कसं, मागणी आपणच करायची असते.

पंख्यानंतर उंची. पंख्याच्या वर मशीनला एक आडवा पत्रा असतो, तो होडीच्या बुडाच्या सरळ रेषेत किंवा फार तर इंचभर खाली यायला पाहिजे. मशीनच्या शाफ्टची दोन मापं जास्त चालतात, १५ इंच आणि २० इंच, आणि मी अशा होड्या बघितल्यात ज्यांची मागची फळी १५ ची आहे आणि मशीन २० चं, म्हणजे मशीनचा पाय अख्खा ५ इंच जादा पाण्यात ओढत नेतायत, पाणी उडतंय, मूठ जड लागतेय, स्पीड जातोय. अशा वेळी फळीवर चांगल्या लाकडाचा तुकडा बोल्टने पक्का बसवून मशीन वर घ्यायचं. जास्त वर गेलं तर वळताना किंवा लाटेवर पंखा हवा ओढतो आणि मशीन एकदम किंचाळतं, ते ऐकलं की अर्धा इंच खाली घ्या. आपला दर्या सपाट नसतो म्हणून मी स्वतः थोडं खालीच ठेवायच्या बाजूचा आहे. उलांडीवाल्या (तोल राखायला बाजूला ओंडका बांधलेल्या) होडीला बाजूला ब्रॅकेटवर मशीन असतं तिथे तर हे आणखी जपून बघायला लागतं, कारण एका बाजूला माणूस बसला की पंखा वर येतो. मागे तिरपेपणाची पिन असते तिचं भोकही बघा, नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, फार वर उचलली जात असेल तर मशीन एक भोक आत घ्या नाहीतर बर्फाची पेटी पुढे सरकवा, याला पैसा लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर माझ्या पत्रावरनं कोणी चुकीची आशा धरेल. भरलेली होडी पाणी कापत जाते, पाण्यावर चढत नाही, आणि अशा होडीला लांबीप्रमाणे एक वेग असतो त्याच्या पुढे ती स्वतःच्याच लाटेत अडकते. पाण्याला टेकलेली लांबी फुटात धरून तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं, तेवढे नॉट. २५ फुटाला ६.७ नॉट, म्हणजे तासाला १२ किलोमीटरच्या जरा वर. आपल्या होड्या अरुंद असतात म्हणून थोडं जास्त जातात, पण थोडंच. त्या वेगाजवळ पोचल्यावर पुढच्या अर्ध्या नॉटसाठी मशीन जे पेट्रोल पितं ते मासळीच्या पैशातनं जातं. साधा हिशोब असा की लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणजे वेग १० टक्के कमी केला तर ताकद साधारण २७ टक्के कमी लागते, तेवढंच अंतर जायला वेळ थोडा जास्त लागला तरी इंधन पाचवा हिस्सा वाचतं. जाताना घाई असेल तर समजू शकतो, लिलावाला पोचायचं असतं तेही समजू शकतो, पण रिकामं जाळं घेऊन फुल मुठीत परत येणारे भाऊ बघितले की मला खरंच वाईट वाटतं.

खारं पाणी. यावर सगळ्यांना माहीत आहे तेच सांगणार, पण करतंय कोण. दर्यातनं आल्यावर गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटं मशीन चालवायचं, ड्रममध्ये पत्र्याच्या वरपर्यंत पाणी भरून त्यात पाय बुडवायचा, झालं. मिठाचे खडे आतल्या अरुंद वाटांमध्ये धरतात आणि मग मशीन गरम होतं, गरम झालं की ताकद जाते. मागनं जी पाण्याची बारीक धार पडते तिच्याकडे रोज बघत जा, बारीक झाली किंवा गरम पाणी यायला लागलं तर आधी काडीने भोक साफ करा, तरी नाही तर इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारं आतलं चाक, बघा. रबराचा इम्पेलर असतो तो, वाळूने झिजतो, आणि आपल्या नद्यांच्या तोंडाशी, तेरेखोलला, चापोऱ्याला, बेतूलला वाळूचे पट्टे आहेत तिथे उथळ पाण्यात मशीन वाळू ओढतंच. वर्षातनं एकदा तो बदलायचा, पाती वाकडी दिसली की अजून दोन महिने चालेल असं म्हणायचं नाही. आणि पाण्याबाहेर स्टार्ट करून बघायची सवय सोडा, काही सेकंदांत रबर जळतं. सोसायट्यांनी लँडिंगच्या जागी एक नळ आणि दोन ड्रम ठेवले तर निम्मी गरम झालेली मशिनं माझ्याकडे येणार नाहीत, माझा धंदा कमी झाला तरी चालेल.

पंख्याच्या मागेही बघत जा, ते का तेही जरा नीट सांगतो. पंखा काढला की शाफ्टवर बऱ्याचदा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, गुंडाळलेला सापडतो, केसाएवढा बारीक, आपल्याच जाळ्याचा. बाहेरनं काही दिसत नाही. तो फिरून फिरून घट्ट होतो, गरम होतो आणि रबराच्या सीलमध्ये घुसून त्याला कापतो, मग त्या फटीतनं पाणी गिअर ऑइलमध्ये शिरतं. गिअर बॉक्सचा खालचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. ऑइल नितळ असेल तर ठीक, पांढरट गढूळ असेल तर पाणी गेलंय, सील बदला, त्याच आठवड्यात बदला. ऑइल भरताना खालच्या भोकातनं भरायचं, वरच्या भोकातनं बाहेर येईपर्यंत, वरनं ओतलं तर आत हवा राहते. पंखा परत बसवायच्या आधी शाफ्टला ग्रीस लावा नाहीतर पुढच्या वेळी हातोड्याने काढायची वेळ येते. आणि पंख्याच्या मधल्या रबरी बुशकडे लक्ष द्या, मशीन जोरात फिरतंय पण होडी तेवढी जात नाही असं होत असेल तर बुश आतल्या आत सरकतोय, लोक याला इंजिनचा बिघाड समजून कार्ब्युरेटर उघडत बसतात.

इंधनाचं थोडक्यात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं आणि बऱ्याच आऊटबोर्डच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलेलं असतं, तेव्हा आपलं पुस्तक वाचा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही, अर्धवट भरलेला कॅन महिनाभर ठेवला की तळाला पाणी-इथेनॉल वेगळं बसू शकतं आणि नेमकं तेच आधी मशीनमध्ये जातं. म्हणून बंदीच्या आधीचं पेट्रोल ऑगस्टमध्ये मशीनला घालू नका, पाणी वेगळं करणारा फिल्टर लाइनमध्ये बसवा, जुना पाइप चिकट किंवा कडक झाला असेल तर बदला. केरोसीनवाल्यांनी पेट्रोलवर सुरू करून गरम झाल्यावर केरोसीनवर घ्यायचं आणि बंद करायच्या आधी परत पेट्रोलवर आणायचं, हे जे चुकवतात त्यांचे प्लग मी डोळे मिटून ओळखतो. टू-स्ट्रोकला पाण्यातल्या मशीनचंच ऑइल वापरा, टीसी-डब्ल्यू-थ्री लिहिलेलं, मोटरसायकलचं नाही. पुस्तकात ५० ला १ लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, मापाने. जास्त घातलं म्हणजे मशीनला बरं असं नसतं, उलट कार्बन धरतं.

होडीच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले धरले असतील तर वर सांगितलेलं सगळं करूनही होडी ओढणार नाही. जे रोज वाळूवर ओढतात त्यांना हा त्रास कमी, नदीत बांधून ठेवणाऱ्यांना जास्त. तळाला साठलेलं पाणीही काढत जा, १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, दीड माणूस फुकट फिरवताय.

तर आता करायचं काय. नारळी पौर्णिमेच्या आधी बहुतेक गावांत सोसायटीची एक मीटिंग होतेच, त्यात टॅकोमीटर, ट्रायलचे पंखे आणि लँडिंगवरचा नळ हे तीन विषय घ्या आणि पैसे कुठल्या खात्यातनं जातील ते तिथेच ठरवा. तोपर्यंत प्रत्येकाने घरात पडलेले जुने-नवे पंखे बाहेर काढून घासा, हबवर किंवा पात्यावर ठोकलेला आकडा वाचा आणि मशीनचं मॉडेल, शाफ्टची लांबी आणि तो आकडा एका कागदावर लिहून सेक्रेटरीकडे द्या, कारण तुमच्या माळ्यावर पडलेला ८ पिचचा पंखा शेजारच्या वाड्यावरच्या होडीला नेमका बसायची शक्यता आहे आणि त्याच्याकडचा ९ चा तुम्हाला. ज्या सोसायटीला ट्रायलसाठी माणूस पाहिजे असेल त्यांनी दिवस सांगावा, पेडणे-बार्देशात मी येतो, त्याचे पैसे घेणार नाही, फक्त होडी नेहमीसारखी भरलेली ठेवा आणि मशीनचं पुस्तक बरोबर आणा.

तुमचाच,
पेडण्यातला एक मशीनवाला